शेवटचं रीळ

"बाबांच्या सिनेमाचं शेवटचं रीळ चोरीला गेलंय," वर्षाराणी दारातूनच म्हणाली. "आणि रविवारी प्रोजेक्टर घेऊन मशीनवाला येतोय!"

खासगी तपासनीस जागृतीने तिला बसवलं. तिचा मदतनीस प्रताप मनातून खूश झाला. पालघरच्या त्या कचेरीत एरवी यायचे ते चोरलेल्या बाइका आणि पळालेले नवरे.

वर्षाराणीच्या वडिलांनी, पंढरींनी, तरुणपणी विनोदी रहस्यकादंबरी लिहिली होती. तिचा सिनेमा निघाला आणि आठवड्यात उतरला. एकच प्रत उरली, ती सरावलीच्या घरी कपाटात. पण मशीन नव्हतं, त्यामुळे पुन्हा पाहणं झालंच नाही. आता त्यांची नजर झपाट्याने चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. दिसतंय तोवर एकदा तो सिनेमा पाहायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"संशय कुणावर?"

"जिवल्यावर. वाडीत कामाला असतो. कपाट उघडलं की आंबलेल्या ताडीचा भपकारा येतो."

सरावलीत कपाटाचं कुलूप शाबूत होतं आणि किल्ली वर्षाराणीच्या आईच्या, सोजराबाईंच्या कमरेला. जिवल्या ओट्यावर मान खाली घालून बसला होता.

"ताडी पितो मी, ताई. पन चोरी नाय केली."

"मग वास काय भुताचा?" प्रतापने दरडावलं.

"छळू नका त्याला," सोजराबाई म्हणाल्या. "पोलीसबिलीस नकोत. गेलं ते गेलं." आणि त्यांनी जिवल्यापुढे चहा ठेवला.

"चोराला चहा!" प्रताप पुटपुटला.

जागृतीने कपाटात नाक खुपसलं. मग ती स्वयंपाकघरात शिरली. "इथेही तोच वास, काकू?"

"लोणचं असेल."

"बरणी तर दिसत नाही." जागृतीने आवाज खाली आणला. "ताडीचा वास वाऱ्यावर जातो. हा जात नाही, कारण तो फिल्मचाच आहे. जुनी फिल्म कुजली की अशीच आंबते. इथे ताडी घरोघरची, म्हणून सगळ्यांना तीच सुचली. कुलूप न तोडता डबा नेला, म्हणजे किल्लीवाल्यानेच. आणि जिवल्या चोर नाही, हे घरात फक्त तुम्हाला पक्कं ठाऊक होतं."

सोजराबाईंनी पिठाच्या पिंपामागून डबा ओढला. आत रीळ नव्हतं. चिकटून बसलेला तपकिरी गोळा होता.

"चोरीला गेलं म्हटलं तर ते चोराला शिव्या तरी देतील," त्या म्हणाल्या. "कुजलं म्हणून कसं सांगू? या गरिबावर आळ येईल असं नव्हतं वाटलं गं."

दाराची चौकट धरून पंढरी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"वर्षा, आधी जिवल्याची माफी माग."

मग ते चाचपडत खुर्चीवर बसले. "कादंबरीत मी पुतण्याला चोर केलं होतं. सिनेमावाल्यांनी बदललं. त्यांनी चोर कुणाला केलं होतं गं, सोजरा? काही केल्या आठवत नाही."

सोजराबाई पदराने डबा पुसत राहिल्या.

"शेवटाला वर्षा रडायला लागली होती," त्या म्हणाल्या. "मी तिला खांद्यावर घेऊन थिएटरबाहेर फेऱ्या घालत होते."