आईपाशी बसणारा

आईची बायपास झाली तेव्हा आमच्या शाळेत सहामाही परीक्षा चालू होती. शस्त्रक्रिया सोमवारी झाली आणि गुरुवारी संध्याकाळी तिला आयसीयूतून चौथ्या मजल्यावरच्या वॉर्डात आणलं. हॉस्पिटल धामणकर नाक्याजवळ होतं. खाट खिडकीशी मिळाली. खालच्या गल्लीत कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने, त्यांची खडखड दिवसभर चालायची, आणि खिडकीच्या जाळीवर कापसाचे तंतू चिकटून राहायचे.

मी निशा. निजामपुऱ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वडील जाऊन बारा वर्षं झाली, मला भावंड नाही, लग्न मी केलं नाही. म्हणजे आईचं करणारी मी एकटीच. बेत साधा होता. झोपायला मी हॉस्पिटलात, पहाटे घरी जाऊन डबा करून आणायचा, तिला पेज भरवून साडेनऊला शाळेला निघायचं, पाच वाजता सुटले की परत. पेपर तपासायचे असल्यानं रविवारीही तेच. मधल्या वेळेला सिस्टर असतातच.

बायपासनंतर पेशंटला दोन गोष्टी कराव्याच लागतात. छातीशी उशी धरून खोकायचं, आणि प्लास्टिकच्या एका यंत्रातून श्वास ओढून त्यातल्या तीन गोळ्या वर उचलायच्या. नाहीतर छातीत कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझ्यासमोर आईची एक गोळी जेमतेम हलायची. "दुखतंय गो बाय," म्हणायची आणि यंत्र बाजूला सारायची.

शुक्रवारी लूम बंद असतात. मी संध्याकाळी पोचले तेव्हा वॉर्ड शांत होता. आईचे केस विंचरून वेणी घातलेली होती. दुपारचा डबा घासून पालथा ठेवलेला. खाटेखालच्या बादलीत मोसंबीची साल, एका सलग पट्टीत सोललेली.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"लडकू व्हता ना. त्यानीच जेवायला घातला."

"लडकू कोण?"

आई माझ्याकडे बघत राहिली. "तुझा भाव," ती म्हणाली.

डॉक्टरांना मी लगेच सांगितलं. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पेशंट चार-आठ दिवस असं काहीबाही बोलतात, वाद घालू नका, असं ते म्हणाले. ते मला पटलं. पण आईचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. वेणी कुणीतरी घातली होती.

करिष्मा सिस्टर दिवसपाळीला असायची. तिला विचारलं.

"तुमचे भाऊ आले होते की, ताई. तुम्ही निघालात आणि ते आले. बोलत नाहीत फारसं, पण मावशींना छान चालवलं त्यांनी."

"मला भाऊ नाही."

ती जरा गोंधळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "घरात काही भांडण असेल तर मला माहीत नाही हां. पण नाक तर अगदी तुमचंच आहे."

पेशंटमागे एकच पास मिळतो. तो माझ्या पर्समध्ये होता. खालचा वॉचमन म्हणाला, "पास के बिना कोई ऊपर जाताच नहीं, मॅडम."

घराबाहेर पडायला गुडघे साथ देत नाहीत म्हणून आईची बहीण, राहीबाई मावशी, गावातच होती. तिला फोन केला. माझ्या आधी किंवा नंतर आईला काही झालं होतं का, झालेलं मूल गेलं होतं का, असं सरळच विचारलं.

"न्हाय गो. तुझ्या वक्ताला मीच व्हते तिच्याजवल. तू येकटीच."

"मग लडकू?"

"त्या नावाचा कोनी न्हाय आपल्यात," मावशी म्हणाली.

मंगळवारी मी रजा घेतली आणि सकाळपासून खाटेजवळ स्टूल टाकून बसले. आई दाराकडे बघत होती. बारा वाजले, एक वाजला. तिनं डब्याला हात लावला नाही, यंत्रही धरलं नाही. तीन वाजता अंगात ताप आला. ऑक्सिजन एक्याण्णववर उतरला. असंच राहिलं तर परत आयसीयूत न्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

"आई, निदान दोन घास खा."

"तू बसलीस त तो कसा येल?" तिच्या बोलण्यात राग नव्हता.

बुधवारी मी शाळेत गेले. संध्याकाळी परतले तेव्हा ताप उतरला होता आणि आईनं मला तिन्ही गोळ्या वर नेऊन दाखवल्या. मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर. बारा वर्षं मी करत होते, आणि माझ्या हातून ती एक गोळी हलवत नव्हती.

गुरुवारी मी डब्यात तांदळाच्या चार भाकऱ्या जास्त ठेवल्या. संध्याकाळी डबा रिकामा होता.

त्यानंतर मी वेळेवर निघत गेले. मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या सोमवारी डिस्चार्ज मिळाला. आईला कामतघरच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. मी आठवडाभराची रजा टाकली होती. पहिल्या दिवशी तिनं पेज घेतली. दुसऱ्या दिवशी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जखम उत्तम भरतेय, मन लागत नसेल, असं डॉक्टर फोनवर म्हणाले.

चौथ्या दिवशी शेजारणीला बसवून मी हॉस्पिटलात गेले. करिष्मा मला बघून उठलीच.

"ताई, तुमचे भाऊ रोज येतात. त्या खाटेवर दुसरा पेशंट आहे, तर बाहेरच्या बाकावर बसून राहतात. आईला कुठे नेलं विचारतात. पेशंटचा पत्ता आम्हाला देता येत नाही."

बाक रिकामा होता.

मी पर्समधून कागद काढला. इमारतीचं नाव, मजला, फ्लॅट नंबर, सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि कागद तिच्या हातात दिला.

"आता आले तर द्या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी रजा रद्द केली. आईला मी शाळेत निघाल्याचं सांगितलं. तिनं मान हलवली. बाहेरून लॅच ओढून घेतलं आणि साडेनऊला निघाले.

साडेपाचला परतले. किल्ली फिरली, पण दार उघडलं नाही. आतून वरची कडी लावलेली होती. ती कडी माझ्या डोक्याच्याही वर आहे.

"आई?"

"आलीस का गो?" आईचा आवाज आतल्या खोलीतून, पलंगावरून आला. खणखणीत होता. "थांब जरा. उघडतंय तो."

दारापलीकडे, अगदी जवळ, कडी सरकली.