रॉकरवरचं ताजं तेल

दवाखाना पलीकडच्या काठावर होता आणि तिथवर जायला एकच मोटारबोट. बाबांची छाती अधूनमधून अशी भरून यायची, की त्यांना बोटीत निजवूनच न्यावं लागे. म्हणून परदेशातून शिकून परतल्यावर लेकीनं पहिलं काम हाती घेतलं ते बोटीच्या इंजिनाचं. ते मधेच बंद पडता कामा नये, एवढंच तिला हवं होतं.

भर दुपारीही इंजिनघरात अंधार होता. जुन्या डिझेलचा आणि कुबट पाण्याचा वास. तिनं बॅटरी लावली, वरचं झाकण काढलं. आत रॉकरची रांग होती. हे आखूड दांडे डुलतात, तेव्हा व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. त्यांना तेल पोचवणारी नळी तिनं सोडवून फुंकून पाहिली. हवा जाईना. आत काजळीचा दगड झाला होता.

"मामा, ही कधीपासून तुंबलीय?"

बोटीवरच्या म्हाताऱ्या खलाशाला सगळे मामाच म्हणत. "असेल वर्षभर."

म्हणजे वर्षभर तेल वर चढलंच नव्हतं. रॉकर कोरडे पडून झिजायला हवे होते, इंजिनानं डबे बडवल्यासारखा आवाज करायला हवा होता. सकाळी ते चाललं, तेव्हा साधी टकटकही आली नव्हती. तिनं दांड्यावरून अंगठा फिरवला. तेल होतं. ताजं, स्वच्छ.

"तुम्ही घालता?"

"मी झाकणाला हात लावत नाही." मामांनी नजर वळवली. "कधीही बघ, ओलंच असतं. अण्णा होता ना, आधीचा इंजिनवाला... त्याला आवाज खपत नसे. त्याच्यासमोर शिंकायचीसुद्धा चोरी."

"ते तर बुडाले ना?"

"बुडाला की. म्हणून काय झालं?"

तिला हसू आलं. "मामा, इंजिन कुणा एकाच्या भरवशावर राहू नये, हेच तर मी शिकून आले. मग तो जिवंत असो नाहीतर मेलेला."

तिनं नवी नळी बसवली, रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट पत्ती सरकवून मोजली, नीट केली, आणि झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू केलं. तेल आपसूक वर चढलं, एकेका दांड्यावर पाझरू लागलं. आवाज मऊ, एकसारखा.

"झालं! आता कुणी घालायला नको."

मामा इंजिनाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मग... त्यानं आता काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी घराचं दार न करकरता उघडलं. बिजागरीवरून तेलाचा ओघळ आला होता. आईचं शिवणयंत्र एरवी शेजाऱ्यांना उठवायचं, तेही मुकाट चाललं.

"शिकलीस त्याचा घराला उपयोग झाला म्हणायचा," आई म्हणाली. "पण सांगून तरी घालायचंस गं, कापडाला डाग पडला."

तिनं घातलं नव्हतं. घरात वाजणारी एकच गोष्ट आता उरली होती. आतल्या खोलीत बाबांची छाती सूं-सूं करत होती. तिनं खुर्ची त्यांच्या पलंगाशी ओढली आणि ऐकत बसली. आवाज येतोय तोवर ठीक.

तेवढ्यात आईनं सुई ओवून द्यायला हाक मारली. ती गेली, दोरा ओवला आणि लगेच परतली.

खोली शांत होती.

बाबा उशीला टेकून बसले होते, चांगले तरतरीत. "ये, ये! कमालच झाली. छाती वाजायचीच थांबली बघ. आता बोटीत आडवं पडून कोण जातंय!"

त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी चकाकत होतं. तिनं रुमालानं टिपलं. वास ओळखीचा होता.

"बघतेस काय नुसती? कान लाव. ऐक, वाजतंय का काही?"

तिनं त्यांच्या छातीला कान लावला. श्वास वाजत नव्हता. कान जरा डावीकडे सरकवला, घट्ट दाबला.

तिथंही काहीच वाजत नव्हतं.

बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत होते, आणि भूक लागलीय म्हणून सांगत होते.