कंट्रोलची नळी

रामदासपेठेतल्या आमच्या लॅबची एक रीत आहे. पेशंटच्या रक्ताशेजारी निरोगी माणसाची नळी लावायची, म्हणजे मशीन बरोबर चाललंय की नाही ते कळतं. हा कंट्रोल. रोज रोज निरोगी माणूस आणायचा कुठून? म्हणून आमच्यातलंच कोणीतरी बाही वर करतं. मंगळवार माझा.

महिन्यातल्या एका मंगळवारी वंदनाबाई खाप्याहून पाच वर्षांच्या लेकीला, गोपिकेला घेऊन येत. रक्तातल्या बी पेशी अँटीबॉडी बनवून रोगजंतूंशी लढतात; तयार होताना प्रत्येक पेशी अँटीबॉडीच्या जनुकाचे तुकडे आपल्या परीने जोडते. ज्या पेशीला ते जमत नाही, ती अस्थिमज्जेतच मरते. गोपिकेच्या त्या जनुकाचा मोठा भाग जन्मतःच नव्हता. बी पेशी शून्य. साधा खोकलाही जिवावर उठायचा. मला पोरीचा फार लळा लागला होता.

जूनमध्ये तिच्या नळीत दोन टक्के बी पेशी दिसल्या. नळ्यांची अदलाबदल केली म्हणून मी स्वतःवरच चिडलो. लॅबमधल्या मिनलला समोर उभं करून पोरीचं पुन्हा रक्त घेतलं. दोनच टक्के.

ऑगस्टमध्ये सहा झाल्या. माझ्या बारावरून पाचवर आल्या.

"भाऊ, यंदा न्युमोनिया नाही झाला हिले," वंदनाबाई म्हणाल्या. "अंगणात खेळून राहिली आता!"

मी दोघांच्या पेशींतले जनुकाचे जोड तपासून घेतले. दोन माणसांत ते असे जुळत नसतात. गोपिकेचे सगळे माझेच होते.

नळ्यांची बुचं घट्ट बंद असतात. तरी सप्टेंबरात मी माझी नळी स्टँडच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. आठवड्यात पोर तापाने फणफणली. ऑक्टोबरात मी ती पुन्हा शेजारी ठेवली. भीती वाटत होती, पण ठेवली.

नोव्हेंबरात तिच्या बारा टक्के. माझ्या शून्य.

"काहून खोकलून राहिला गा इतका?" मिनल म्हणाली. "आजपासून कंट्रोल मी देते."

त्या दिवशी वंदनाबाईंच्या कडेवर तीन महिन्यांचा हर्षित होता, गोपिकेचा भाऊ. त्याचंही जनुक तसंच अपुरं. त्याच्या पेशींची ही पहिलीच तपासणी.

मिनलने बाही वर केली. तिला सगळं सांगायला मी तोंड उघडलं.

"काका," गोपिका हळूच म्हणाली, "मावशीची नळी बाबूच्या जवळ ठेवजा."

तिला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

हर्षित खोकला. त्याचा इवलासा चेहरा निळसर झाला.

मी तोंड मिटलं, आणि मिनलची नळी त्याच्या नळीला लागून ठेवली.