रीमाच्या नावाचं फोल्डर

नवी पाटी रंगवायला टाकून तीन आठवडे झाले होते. पेंटर रोज विचारायचा, वर नाव कोणाचं? आणि प्रल्हाद करंदीकर रोज सांगायचा, उद्या कळवतो.

वसईतली ही छोटी गुप्तहेर संस्था प्रल्हादने काढलेली. कॅथरिन डाबरे तिथे टायपिस्ट म्हणून आली होती. आठ वर्षांत अशी पाळी आली, की येणारा दारातूनच विचारी, "कॅथरिन मॅडम आहेत?" प्रल्हादला ते झोंबायचं. माणूस वाईट नव्हता, पण मत्सर काय माणूस बघून येतो?

दोन नोव्हेंबर २००६ला सकाळी रीमा परेरानेही तेच विचारलं. ती गिरीज गावची, आशालताबाईंच्या आर्किटेक्ट कचेरीत नकाशे काढायची. एका शाळेच्या सभागृहाचे नकाशे उद्या दुपारी बारापर्यंत द्यायचे होते, आणि विश्वस्तांच्या सांगण्यावरून त्यांवर पहिल्यांदाच तिचं नाव लागणार होतं. आज बघते तर तिचं फोल्डर रिकामं.

"मॅडम म्हणतात, मीच चुकून पुसलं," रीमा म्हणाली. "नोकरी गेली तर गेली. पण सहा महिने खपलेय मी त्यावर."

परवा, एकतीसला, चार वाजता ती घरी गेली तेव्हा सगळं जागेवर होतं. काल सर्व संतांच्या सणाची रजा. रजा मागायला ती कचरत होती, पण बाईंनी आपणहून दिली.

दुपारी कॅथरिन आणि प्रल्हाद रीमाच्या कचेरीत पोचले. सर्वांचं काम एकाच सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरांत असे. तो सांभाळायचा धर्मा, पूर्वी नकाशांच्या निळ्या प्रती काढणारा पन्नाशीचा गृहस्थ. त्याने सगळं समजावलं. संध्याकाळी सहाला सर्व्हर आपोआप डिस्कवर नक्कल उतरवी. फोल्डरातून जे गेलं, ते त्या दिवशीच्या डिस्कवरूनही जाई. डिस्क दोन होत्या, सम तारखेची एक आणि विषम तारखेची दुसरी. नियम आशालताबाईंच्या सहीने भिंतीवर चिकटवलेला होता.

"तारीख बघायची नि डिस्क लावायची," धर्मा म्हणाला. "आपन डोकं लावीत नाय, बाय. सकाळी डिस्क मॅडमच्या कपाटात. किल्ली त्यांच्याकडं."

नकाशे बघता सगळ्यांना येत. पुसण्याची मुभा मात्र तिघांनाच होती: रीमा, धर्मा आणि आशालताबाई.

मग हर्षवर्धन. तो सर्वांत जुना ड्राफ्ट्समन, आणि त्याचाच नकाशा बाजूला सारून रीमाचा निवडला गेला होता. तिचं काम गेल्याचं आपल्याला फार दुःख नाही, हे त्याने तोंडावर सांगितलं. प्रल्हादने कॅथरिनला कोपराने ढोसलं. चोर सापडला, अशी त्याची खात्री पटली होती.

आशालताबाईंनी चहा मागवला. त्या शांत होत्या. "एकतीसला फोल्डर रिकामं झालं. त्या संध्याकाळी एक डिस्क गेली, काल दुसरी. आज दोन्ही मी स्वतः लावून पाहिल्या, काही नाही त्यांत."

साडेपाचला धर्मा कपाटाची किल्ली मागायला आला. कॅथरिनने त्याला थांबवलं आणि सगळ्यांना सर्व्हरपाशी बोलावलं.

"हर्षवर्धनला पुसताच येत नाही. उरले तिघे," ती म्हणाली. "धर्मा, परवा कुठली डिस्क लावलीस?"

"एकतीस. विषम."

"आणि काल?"

"एक तारीख." धर्मा थबकला. "विषमच की."

प्रल्हादने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

"लागोपाठ दोन दिवस एकच डिस्क," कॅथरिन म्हणाली. "सम डिस्क तीस तारखेनंतर कोणी लावलीच नाही. नकाशे तिच्यावर असायला हवेत. ज्याला वाटलं, की दोन संध्याकाळी गेल्या म्हणजे दोन्ही डिस्क गेल्या, त्याने नियम लिहिला असेल, पण डिस्क कधी हाताने लावलेली नाही. बाई, ती रिकामी असल्याचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना? मग लावू या."

आशालताबाईंनी किल्ली हातातच धरली होती. धर्माने ती हळूच काढून घेतली. डिस्क लागली, फोल्डर उघडलं, आणि सभागृहाचे नकाशे एकामागून एक दिसू लागले. रीमा खुर्ची ओढून एकेक तपासू लागली.

"एका दिवसाचं काम गेलंय," कॅथरिन तिला म्हणाली. "सकाळपर्यंत होईल?"

रीमाने मान डोलावली. अर्ध्या तासाने हीच डिस्क लागली असती आणि तीही पुसली गेली असती.

"रजा देताना मला फक्त दोन संध्याकाळी हव्या होत्या," आशालताबाई म्हणाल्या. "पंधरा वर्षं विश्वस्त मला भेटायला यायचे. त्या दिवशी दारातूनच म्हणाले, रीमा आहे का?"

हर्षवर्धनने तोंड फिरवलं. प्रल्हादला मात्र कुठे बघावं तेच कळेना. हे वाक्य तो रोज ऐकत होता.

परतताना कॅथरिन रिक्षा बघू लागली. प्रल्हाद पेंटरच्या दुकानाशी थांबला.

"वर कॅथरिन डाबरे," तो म्हणाला. "खाली मी."

"उद्या देतो, साहेब."

"आजच रंगव. उद्यावर ठेवलंस तर मी बदलेन."