ओवाळून टाकलेलं

मुलुंडच्या त्या बैठ्या घरात शरच्चंद्र आणि त्याची आई रुक्मिणीबाई अशी दोनच माणसं उरली होती. घर ऐसपैस, पुढचा रस्ता आखल्यासारखा सरळ, आणि पूर्वेकडून वारा सुटला की मिठागरांचा खारट वास थेट माजघरापर्यंत यायचा. शरच्चंद्र एका प्रयोगशाळेत औषधं तपासायचा. काचेच्या नळीत जे दिसत नाही ते नाहीच, असा त्याचा खाक्या. बायकोचं दुःख नळीत दिसत नव्हतं, म्हणून तेही नव्हतं. शेवटी उत्तरा पाच वर्षांच्या कुंदाला घेऊन माहेरी देवगडला गेली आणि तिथल्या शाळेत शिकवू लागली.

कोर्टानं सांगितलं, मूल आईकडे राहील, दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत बापाकडे जाईल. वर्षभरानं मुलीला विचारून कायमचं ठरवू. शरच्चंद्रला वर्ष पुरेसं होतं. पोरीवर त्याची फार माया होती अशातला भाग नाही. त्याला उत्तराला हरवायचं होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

दिवाळीत कुंदा आली. देवगडला पडावाच्या लहान होडीतून बोटीवर, बोटीतून भाऊच्या धक्क्यावर, मग आगगाडी, मग टांगा. उत्तराच्या माहेरचा जुना गडी गुणाजी तिला घेऊन आला होता. बोट लागून पोर पिवळी पडली होती, आणि दारातच "आईकडे जायचंय" म्हणून तिनं भोकाड पसरलं.

रुक्मिणीबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. लांबून आलेल्या माणसाबरोबर वाटेवरचं काहीबाही येतं, ते ओवाळून बाहेर टाकायचं आणि मगच त्याला उंबरा ओलांडू द्यायचा, ही घरची रीत. शरच्चंद्र एरवी तिला हसायचा. आज तो म्हणाला, "आई, काढतेच आहेस तर तिकडचंही काढ ना. ही रड, हा हट्ट."

"थट्टा नको करू रे. यात नाव घ्यावं ते उतरतं."

"मग घे ना नाव."

सुनेवर त्यांचाही दात होताच. त्यांनी तुकडा तीनदा ओवाळला. "बोटीचं, वाटेचं आणि तिकडचं, सगळं बाहेर राहो." तुकडा पायरीजवळ पडला.

कुंदाचं रडणं मध्येच थांबलं. ती आत आली आणि मागे वळून पाहू लागली.

"ती नाही येणार आत?"

"कोण ती?" शरच्चंद्रनं विचारलं. कुंदा झोपाळ्यावर जाऊन बसली.

गल्लीतलं कुत्रं शिळ्या पोळीसाठी दिवसभर त्या दारात घुटमळायचं. ते पायरीजवळ आलं, तुकडा हुंगला आणि शेपूट घालून निघून गेलं.

त्या सुट्टीत कुंदानं आईचं नावसुद्धा काढलं नाही. पानात पडेल ते खायची, बस म्हटलं की बसायची. तिला परत न्यायला गुणाजी आला तेव्हा तो पायरीशी थोडा वेळ उभा राहिला, कुणीतरी मागून यायचं असावं तसा, आणि मग तिचा हात धरून गेला.

मे महिन्यात ती उंच होऊन आली. टांग्यातून उतरवून घेताना शरच्चंद्रचे हात एकदम वर गेले. भरलेली समजून रिकामी घागर उचलावी तसं झालं. ताप येऊन गेला असेल, असं त्यानं ठरवलं.

"देवगडची आजीपण ओवाळते," कुंदा जेवताना म्हणाली. "ती म्हणते, मुंबईचं सगळं बाहेर राहो."

शरच्चंद्र हसला. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे दोन्ही घरं पाहुण्यालाच थोडं थोडं उंबऱ्याबाहेर टाकत होती, आणि हा हसत होता.

एका दुपारी बाहेर पायरीवर लहान मुलाचे हुंदके ऐकू आले. कुंदा त्याच्यासमोर झोपाळ्यावर मांडीवर हात ठेवून बसली होती. त्यानं दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. तापलेल्या दगडावर पाण्याचे चार थेंब होते. त्यानं ते पायानं पुसले.

पुढची तारीख लागली. न्यायाधीशांनी कुंदाला जवळ घेतलं आणि उत्तराकडे बोट करून विचारलं, "या कोण?"

"शाळेतल्या बाई," कुंदा म्हणाली.

"आणि तुला कुणाकडे राहायचंय?"

"बाबांकडे."

उत्तरा रडली नाही. ती शरच्चंद्रकडे बघत म्हणाली, "तुम्ही काय केलंत हो तिचं?"

दुपारी तो कुंदाला जिंकून घरी घेऊन आला. रुक्मिणीबाई तुकडा घेऊन उभ्या होत्या, पण ओवाळायला हात उचलत नव्हत्या.

"पुरे रे शरद. आता काय राहिलंय तिच्यात काढायला?"

"काढ म्हणतो ना."

त्यांनी ओवाळलं. कुंदा आत आली. शरच्चंद्रनं दार लावलं.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली. खूप खाली, लहान मुलाचा हात पोचेल तिथे.

"बाबा, मला घ्या ना आत."

आवाज कुंदाचा होता. कुंदा झोपाळ्यावर होती, ओठ मिटून.

रुक्मिणीबाई उठल्या. "अरे, आपली पोर आहे ती. उघड."

शरच्चंद्रचा हात कडीवर गेला. उघडलं की ती आत येणार. रडणारी, हट्टी, आईच हवी म्हणणारी. आणि मग सगळा निकाल पाण्यात.

त्यानं वरचीही कडी लावली.

"बाबा, मी नाही रडणार."

तो दारापासून दूर जाऊन बसला.

ऊन उतरेपर्यंत ती थाप येत राहिली.

मग फाटकाशी गुणाजी आला. उत्तरानं कुंदाच्या कपड्यांची ट्रंक पाठवली होती. ती त्यानं फाटकातच ठेवली. शरच्चंद्र खिडकीतून बघत होता. गुणाजी पायरीपाशी वाकला, दोन्ही हात पुढे केले आणि काहीतरी उचलून कडेवर घेतलं.

"चल गो बाय, आईकडे. आवस वाट बघता तुजी."

तो निघाला. भारानं एका बाजूला कलला होता, आणि मोकळ्या हातानं हवेत थोपटत होता.

रुक्मिणीबाईंनी धावत जाऊन दोन्ही कड्या काढल्या. पायरी रिकामी होती. तेवढ्यात कुत्रं आलं, आणि तो भाकरीचा तुकडा त्यानं मटामट खाल्ला. आणखी काही मिळेल म्हणून शेपूट हलवत ते उंबऱ्यापर्यंत आलं. आत झोपाळ्यावर कुंदा बसली होती. कुत्र्यानं तिच्याकडे पाहिलं, नाक वर करून वास घेतला आणि शेपूट घालून मागे सरकलं.