चार एमबीत मावेल तेवढं

तळासरीच्या भंगारवाल्याकडे एका पोत्यातून जुनी राउटरची खोकी डोकावत होती. शितलने पोत्याला हात घातला, आणि नेमका त्याच वेळी पलीकडूनही एक हात आला. सावळा, दोरखंडाने घट्टे पडलेला.

"ओ मॅडम, हे मी आधी बघितलंय."

"तुम्ही बघितलंत ना? मग झालं. आता मी नेते."

तो हसला. नरपडचा हार्दिक. घरची मासेमारीची होडी, पण याचा जीव वायरलेस सेट दुरुस्त करण्यात. त्याला या खोक्यांचे फक्त अँटेना हवे होते.

"आणि अँटेनाशिवाय माझी खोकी काय करतील? मुकी बसतील?"

"तुमच्याबरोबर राहून... मुकी कशी बसतील?"

शितलने रागाने पाहिलं खरं, पण ओठ फितूर झालेच.

ती पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी, डोंगरातल्या पाड्यावर आली होती. पाड्यावर मोबाइलला रेंज नव्हती. तिचे बाबा वेरावळच्या बोटीवर खलाशी. बोट बंदराला लागली की ते फोन करायचे. पण निरोप मिळून तिची आई जमना टेकडी उतरून रस्त्यावर येईपर्यंत बोट पुन्हा समुद्रात गेलेली असायची. खालच्या शाळेत इंटरनेट होतं. तिथून झाडाझाडांवर ही खोकी बांधून, एकातून दुसऱ्यात असं ते घरापर्यंत आणायचं, असं शितलने मनाशी धरलं होतं.

ऐकता ऐकता हार्दिक गंभीर झाला. "माझी आईपण अशीच वाट बघत बसायची," तो म्हणाला. "घ्या सगळी. पण... झाडावर चढून ती बांधणार कोण?"

दुसऱ्या दिवशी तो दारात हजर. हातात चिकूंची पिशवी, शर्टाला सुक्या बोंबलांचा पुसटसा वास. तो सरसर ताडावर चढला आणि शितल ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली. खाली पिकलेल्या भाताचा वास दरवळत होता. जेवायची वेळ झाली तरी तिची मान वर होईना.

"कुठे अडलंय?"

"कर्नल मावत नाही."

"कर्नल? मिलिटरीतला?"

ती खळखळून हसली. "खोक्याच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम रे! नवा घातल्याशिवाय ही खोकी एकमेकांशी बोलणार नाहीत, आणि आत जागा फक्त चार एमबी."

तो 'रे' कधी आला ते तिला कळलंही नाही. हार्दिकला मात्र कळलं. त्याचे कान तापले.

"मग काय करतेस?" त्यानेही हळूच 'तू' म्हणून पाहिलं.

"प्रत्येक कामाचा तुकडा सुटा ठेवायचा. शेवटी सगळे तुकडे जोडणारा लिंकर असतो, त्याला सांगायचं – ज्याला कुणीच बोलावत नाही, तो तुकडा गाळ."

संध्याकाळी ती ओरडली, "मावला!" खोक्याचा दिवा लागला... पण वायरलेस काही उठेना. परवा तिला पुण्याला परतायचं होतं. तिचा चेहरा उतरला. हार्दिक शेजारी बसला आणि चिकू सोलून देत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चूक सापडली. "सुरू होताना कर्नल काही तुकड्यांना रांगेने उठवत जातो. नावाने कुणी हाक मारत नाही त्यांना. लिंकरला वाटलं, बिनकामाचे! वायरलेसचा तुकडा त्यातच गेला."

"मग आता?"

"रांगेवर खूण करायची – हे राहू दे."

हार्दिक घुटमळला. "शितल... काम संपलं, तरी मी येऊ ना इकडे?"

"तुला कोण गाळतंय?" ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. पण पुढची ओळ तिला तीनदा खोडावी लागली.

दुपारी पाड्यावर पहिल्यांदा फोन वाजला. जमनाने दोन्ही हातांनी तो धरला. पडद्यावर बाबा! दाढी वाढलेली, मागे डोलकाठ्या.

"जेवण मिळतं का धड?" एवढंच बोलून तिने पदर डोळ्यांना लावला.

"मिळतं गं. मागे तो पोरगा कोण?"

"मी... खोकी बांधायला आलोय," म्हणत हार्दिक बाजूला सरकू लागला. शितलने त्याचं मनगट पकडलं.

"बाबा, हा हार्दिक. नरपडचा. मला आवडतो."

इतकं सरळ बोलून गेल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं. पडद्यावर सगळं निश्चल.

"नेट गेलं का?" हार्दिक कुजबुजला.

"नेट आहे रे, मीच गप्प झालो!" बाबा हसले. "जमना, तुला माहीत होतं?"

"दोन दिवस माझ्या हातचं जेवतोय. ताटाकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघतो."

हार्दिक लाजून थेट अंगणात. शितल मागोमाग गेली.

"मीच तुला आधी सांगणार होतो," तो पुटपुटला. "तू तर... आधी बाबांनाच सांगितलंस."

"मग सांग ना आता."

"तू मला... म्हणजे भंगारवाल्याकडेच..."

"जरा मोठ्याने."

"आवडतेस!" तो ओरडलाच.

घरातून, फोनमधून, बाबांचा आवाज आला, "ऐकू आलं रे, वेरावळपर्यंत!"