शुभंकरचा तोल

लग्न होऊन अपेक्षा कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आली, तेव्हा दिवाणखान्यात रुपालीचा फोटो होता. शुभंकरची ही पहिली बायको काविळीनं गेली होती. अपेक्षानं महिनाभरातच तो फोटो माळ्यावर टाकला. मेलेल्या बाईचा कसला मत्सर, असं तिची आई म्हणायची. पण शुभंकर झोपेत नाव घ्यायचा ते रुपालीचंच, आणि कपाटातल्या तिच्या साड्यांना अजून शिकेकाईचा वास यायचा.

आयटीच्या भरभराटीचे दिवस होते. हिंजवडीच्या ऑफिसात एका दुपारी शुभंकर “सगळं फिरतंय” म्हणाला, ओकला आणि कोसळला. स्कॅनमध्ये तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत लिंबाएवढी रक्ताची गाठ दिसली. श्वास चालवणाऱ्या भागावरच ती दाबत होती. ऑपरेशन करून गाठ काढली, तरी तो शुद्धीवर येईना.

“असा स्कॅन असलेले पेशंट फारसे सावरत नाहीत,” डॉक्टर हळूच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी दुसरा स्कॅन ठरला. अपेक्षा काचेच्या अलीकडे थांबली होती. एकाएकी तंत्रज्ञ आफताबनं यंत्र थांबवलं.

“मॅडम, आत नातेवाईक चालत नाहीत. पाटी मराठीतच आहे. त्या बाईंना बाहेर बोलवा.”

“कोणत्या बाई?”

“त्या काय... उशाशी उभ्या आहेत.”

अपेक्षाला आत एकटा शुभंकर दिसला. पण स्पिरिटच्या वासात शिकेकाईचा, नुकत्याच धुतलेल्या केसांचा वास मिसळला होता. भीतीआधी तिला रागच आला. इथंही हीच! दार ढकलून ती आत शिरली.

“आता त्यांची बायको मी आहे. तुम्ही निघा.”

वास विरला. शुभंकरची खाली गेलेली छाती वर आलीच नाही. मॉनिटर किंचाळू लागला, आफताब धावला.

“थांबा...” अपेक्षा कशीबशी पुटपुटली. “नका जाऊ... राहा...”

छाती हलली.

नंतर पुऱ्या केलेल्या त्या स्कॅनमध्ये दाब ओसरलेला दिसला. काही दिवसांनी शुभंकर बोलू लागला, घरी आला. तोल मात्र गेला होता. अपेक्षा हात धरून त्याला सोसायटीच्या आवारात चालवायची आणि तो झोकांड्या खात तिच्याच अंगावर कोसळायचा.

“जरा सोडून बघा त्यांना,” व्यायाम शिकवायला येणाऱ्या जिनतबाई एकदा म्हणाल्या.

अपेक्षानं हात सोडला. शुभंकरनं आपला हात खाली घेतलाच नाही. तसाच बाजूला धरून तो फाटकापर्यंत सरळ चालत गेला. वळला आणि हसला, पण अपेक्षाकडे बघून नव्हे. त्याची बोटं मिटलेली होती, पण पुरती नाही. त्यांच्यामध्ये आणखी कुणाची बोटं मावावीत एवढी जागा होती.

तो हात हिसकावून घ्यावा, असं अपेक्षाच्या अगदी मनात आलं. ती जागची हलली नाही.